भिंतीवरची पिवळी आणि आपला अनर्थदंड



आज पाककृती नाही, उपवासाचं वेळापत्रकही नाही. आज थोडं भांडायचं आहे, आणि भांडण घरातलंच आहे.

दिवाळी तोंडावर आली. आमच्याकडे बायकांच्या बैठकीत दोन ठराव झाले. पहिला असा, की मंदिराच्या आवाराची मागची जुनी भिंत खरवडायची, तिच्या भेगांत तणनाशक मारायचं आणि वरून सिमेंटचा गिलावा करायचा. दुसरा असा, की थंडी पडली की त्याच भिंतीपुढे अँटिऱ्हिनमच्या ४० कुंड्या मांडायच्या आणि त्यासाठी घरटी वर्गणी काढायची. दोन्ही ठरावांना मी हात वर केला नाही. शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या, "काहून वं, तुले फुलं आवडत नाहीत काय?"

आवडतात, काकू. म्हणूनच हात वर केला नाही. आपण ज्या भिंतीला विष पाजायला निघालो आहोत, तिच्यावर तेच फूल आधीपासून आहे.

हे कोड्यात नाही बोलत. पाऊस सरला की जुन्या दगडी भिंतीकडे, विहिरीच्या काठाकडे, पडक्या ओट्याकडे नीट बघा. सुतासारख्या बारीक फांद्यांचं एक झुडूप भेगेतून खाली लोंबत असतं. पानं बाणाच्या टोकासारखी. फूल पिवळंधमक, करंगळीच्या नखाएवढं. जवळ जाऊन पाहिलं तर त्या फुलाला वरचा ओठ आहे, खालचा ओठ आहे, दोन्ही मिटलेले, आणि मागे शेपटीसारखं एक टोक. त्या टोकात मध असतो. माशीने खालचा ओठ दाबायचा, तोंड उघडायचं आणि आत शिरायचं. आमच्या घरात तिला "भिंतीवरची पिवळी" म्हणतात. शास्त्रात तिचं नाव नॅनोऱ्हायनम रॅमोसिसिमम. जुन्या पुस्तकांत किक्सिया किंवा लिनारिया या नावांनी सापडेल. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या वनस्पतिबागेचे प्रमुख असलेल्या वॉलिक यांनी तिला शास्त्रीय नाव दिलं. रॅमोसिसिमम म्हणजे पुष्कळ फांद्यांची. भारतातल्या कोरड्या भागांत खडकांवर आणि भिंतींवर ती आपोआप वाढते.

आता नर्सरीतलं अँटिऱ्हिनम आठवा. आपण पोरांना त्याच्या फुलाचे गाल दाबून तोंड उघडमीट करून दाखवतो, तेच. दोन्ही एकाच कुळातली आणि कुळातही एकाच पोटगटातली, म्हणजे चुलत बहिणीच म्हणा. कूळही काही लांबचं नाही. आपल्या डब्यातलं इसबगोल त्याच कुळातलं. गंमत अशी, की ते अँटिऱ्हिनम मूळचं स्पेन, फ्रान्स, इटली या बाजूचं, आणि तिकडे तेही खडकांच्या कपारींत आणि जुन्या भिंतींवरच उगवतं. म्हणजे त्यांच्या भिंतीवरचं फूल कुंडीत घालून आपण विकत आणायचं आणि आपल्या भिंतीवरचं तण म्हणून मारायचं. याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

"परदेशी झाड नको, देशीच हवं" असा माझा हट्ट नाही. मिरची बाहेरूनच आली, पपई बाहेरूनच आली, दोन्ही आपल्या घरात सुखाने नांदतात. झाडाची जात-गोत्र विचारणारी मी नव्हे. त्याला जगवायला आणि मारायला आपल्या हातून किती हिंसा होते, एवढंच मी विचारते.

हिशेब करू. अँटिऱ्हिनम हे थंडीचं फूल. दिवाळीच्या सुमारास रोपं येतात, पौष-माघात बहरतात, आणि आपल्याकडे फाल्गुनात ऊन तापलं की माना टाकतात. अकोल्याचा उन्हाळा काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या वर गेला की माणसं कूलरपुढून हलत नाहीत, तिथे ते बिचारं काय करणार? एका कुंडीला दिवसाला एक लिटर पाणी धरलं तर ४० कुंड्यांना ४० लिटर. शंभर दिवस धरले तर ४,००० लिटर. दोनशे लिटरचे वीस ड्रम. पातुरात नळाला पाणी आलं की आपण घागरी, कळशा, बादल्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवतो, आणि हे वीस ड्रम आपण होळीनंतर उकिरड्यावर जाणाऱ्या रोपांना देणार.

आणि ते पाणी कसलं? आपण प्यायचं पाणी दुहेरी कापडातून गाळतो. गाळण्यावर राहिलेली जिवाणी सांडू नये म्हणून जपून परत विहिरीत सोडतो. माझ्या आजेसासूबाई गाळणं पिळूसुद्धा देत नसत. जलकायाचे जीव आहेत म्हणत. त्याच घरातल्या आपण पाइप लावून न गाळलेलं पाणी कुंड्यांवर सोडतो आणि फरशीवरून गटारात वाहू देतो. स्वयंपाकघरात एक धर्म आणि अंगणात दुसरा, असं कुठे लिहिलं आहे?

पुढे मावा पडतो. पानांखाली तांबेरा येतो. मग नर्सरीवाला बाटली देतो, "ताई, आठवड्यातून एकदा मारा." मावा म्हणजे कोण? चालणारा, खाणारा, त्रस जीव. रात्री दिव्यावर किडा येऊन जळू नये म्हणून सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या आपण, दिवसाढवळ्या पंपाने शेकडो जीव मारायचे, कशासाठी? तर फोटो चांगला यावा म्हणून.

आता भिंतीच्या ठरावाकडे येते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

आपल्या बारा व्रतांत अनर्थदंड नावाचं एक व्रत आहे. दिगंबर असो की श्वेतांबर, दोघांकडे ते आहे. गृहस्थाला हिंसा पूर्ण टाळता येत नाही हे आपल्या आचार्यांना ठाऊक होतं. चूल पेटणार, धान्य निवडलं जाणार, घर झाडलं जाणार. ती आरंभी हिंसा. ती कमी करायची, जपून करायची. पण जी हिंसा कशासाठीच नसते, जिच्यावाचून काहीच अडत नाही, ती अनर्थदंड. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात तिचे पाच प्रकार सांगितले आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. यातल्या दोघांकडे बघा. प्रमादचर्या म्हणजे कारण नसताना जमीन उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वनस्पती तोडणं. हिंसादान म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. त्यांच्या यादीत कुदळही आहे आणि विषही आहे.

आपला ठराव पुन्हा वाचा. उलथण्याने भिंत खरवडायची, ही प्रमादचर्या. मजुराच्या हातात तणनाशकाचा पंप द्यायचा, हे हिंसादान. "सगळ्या गावांत असंच करतात, तुम्हीही करा" असं एकमेकींना सांगायचं, हा पापोपदेश. पाचांपैकी तीन एका बैठकीत झाले, आणि बैठक संपताना आपण णमोकार म्हटला.

दुसरी एक गोष्ट मला सलते. अष्टमी-चतुर्दशीला आपण हिरवी भाजी वर्ज्य करतो. मेथीची जुडीसुद्धा घरात आणत नाही. का? वनस्पतिकायाचे जीव आहेत, निदान पर्वाच्या दिवशी तरी त्यांना अभय असावं म्हणून. मग ज्या दिवशी भगवान महावीरांना निर्वाण झालं, त्या दिवसाच्या तयारीत आपण त्यांच्याच मंदिराची भिंत मुळासकट मारायची? मेथी निदान खायची तरी असते. पिवळी आपलं काहीच खात नाही, आपणही तिला खात नाही. तिच्या मरण्याने कुणाचं पोट भरत नाही.

पंप मारणाऱ्याचाही विचार करा. २०१७ साली आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले. ती कीटकनाशकं होती, हे तणनाशक आहे, दोन्ही एक नाहीत हे मला कळतं. पण हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं नाही, पायात चप्पल, आणि पंप पाठीवर, हे चित्र दोन्हीकडे तेच असतं. जे काम आपण आपल्या मुलाला सांगणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला तीनशे-चारशे रुपये रोजावर सांगायचं नाही. याला शास्त्राचा आधार शोधायचीही गरज नाही.

बैठकीत माझ्या बाजूने बोलायला वेळ नव्हता, पण तुमच्या बाजूचं मी ऐकलं. त्यात खरंही होतं. एकेक घेते.

पहिलं म्हणणं: "उगवूच न देणं हेच जैन वळण आहे. चातुर्मासात शेवाळ येऊ नये म्हणून आपण फरशी कोरडी ठेवतोच ना?" हे अगदी खरं आहे, आणि मीही ठेवते. जिथे पाऊल पडतं तिथे जीव उत्पन्नच होऊ नयेत ही यतना आहे. पायवाट, पायऱ्या, प्रदक्षिणेचा मार्ग, न्हाणीघर, हे कोरडं आणि स्वच्छ ठेवायलाच हवं. पण भिंतीवर कोण चालतं? दीड पुरुष उंचीवरच्या भेगेत पिवळी लोंबते, तिच्यावर कुणाचा पाय पडणार? उगवू न देणं वेगळं आणि उगवून फुलावर आलेलं मारणं वेगळं. यतनेचं नाव घेऊन दुसरी गोष्ट करू नये.

दुसरं म्हणणं: "झाडं भिंती फोडतात." फोडतात, पिंपळ फोडतो, वड फोडतो, उंबर फोडतो. त्यांची मुळं मनगटाएवढी होतात आणि दगड सरकवतात. ते कोंब बोटभर असतानाच भिंत भिजवून मुळासकट अलगद काढावेत आणि रस्त्याकडेला मोकळ्या जागी लावावेत. तिथे त्यांची सावलीही होईल. पण पिवळी म्हणजे पिंपळ नव्हे. सुताएवढ्या फांद्यांचं ते झुडूप, तिचा भार तो किती? आणि एक विचारते. भेग आधी की पिवळी आधी? चुना झडला म्हणून भेग पडली, भेगेत धूळ साचली म्हणून पिवळी आली. भिंतीचा सांधा उघडा पडला हे ती आपल्याला दाखवते आहे. दाखवणाऱ्याला मारून सांधा भरत नाही. वरून सिमेंट थापलं तर जुन्या चुन्याच्या भिंतीत मुरलेलं पाणी आतच अडकतं आणि दोन पावसाळ्यांत पोपडे पडतात. जिथे खरंच दगड हलतो आहे तिथे जाणता गवंडी बोलवा आणि सांधा चुन्यानेच भरून घ्या. तो दुरुस्तीचा अर्थदंड आहे, त्याला माझी ना नाही.

तिसरं म्हणणं: "मग गाजरगवतही ठेवायचं का?" नाही. गाजरगवत १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं आणि बघता बघता देशभर पसरलं. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो, शेतात दुसरं काही उगवू देत नाही. तिथे कारण आहे. फुलावर येण्याआधी, हातात पिशवी घालून, मुळासकट उपटावं. व्रतात "अनर्थ" हा शब्द आहे तो याचसाठी. मारण्याआधी कारण सांगता आलं पाहिजे. गाजरगवताचं कारण मी एका वाक्यात सांगितलं. पिवळीचं कारण बैठकीत कुणीच सांगू शकलं नाही. "घाण दिसतं" एवढंच आलं.

आणि खरं दुखणं तेच आहे. घाण दिसतं! आपल्या डोळ्यांना सवय लागली आहे की कुंडीत आहे ते फूल आणि भेगेत आहे ते तण. पैसे दिले ती शोभा आणि फुकट आलं तो कचरा. अपरिग्रह, अपरिग्रह म्हणून आपण प्रवचनं ऐकतो, दागिने मोजून ठेवतो, साड्यांची मर्यादा घेतो. भोगोपभोग-परिमाणात कुंड्यांची मर्यादा कुणी घेतली आहे का? फुलाकडे बघायचं, आनंद घ्यायचा आणि ते आपलं नाही हे लक्षात ठेवायचं, याहून सोपा अपरिग्रहाचा धडा मला दुसरा माहीत नाही. पिवळीला मालक नाही.

पातूरच्या बायकांना तर हे सांगावंही लागू नये. आपलं गाव डोंगराच्या पायथ्याशी. गावाबाहेरच्या टेकडीत काळ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. मेडशी-मालेगाववरून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाताना आपण घाटातून जातो, तेव्हा खिडकीतून बघा. दगडाच्या कपारीत मूठभर मुरूम आणि वरून ऊन, एवढ्यावर किती काय हिरवं राहिलेलं असतं. त्याला कुणी पाणी घालत नाही, खत देत नाही, औषध मारत नाही. आपल्या तापलेल्या मुलखात राहायचं कसं हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच आपण अंगणातून हाकलतो आणि ज्याला ठाऊक नाही त्याला पोसतो.

काही जणींनी विचारलंच आहे की घरी लावायची तर कशी. लावणं हाही आरंभच, म्हणून मी आधी सांगेन की आहे ती राहू द्या, तेवढं पुष्कळ. पण घर नवं असेल, भिंतीला भेगच नसेल, आणि कुंडीचा मोह आवरत नसेल, तर ४० कुंड्यांपेक्षा ही एक बरी. मातीची जुनी, कड फुटलेली कुंडी घ्या. तिच्यात विटेचे तुकडे, मुरूम आणि थोडा जुना झडलेला चुना भरा. काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. शेणखतही नको. पिवळीच्या बोंड्या वाळून तपकिरी झाल्या की खाली कागद धरून हलकेच टिचकी मारा. धुळीसारखं बारीक बी पडतं. झाड उपटायचं नाही, फांदीही तोडायची नाही. ते बी चिमूटभर मुरमात मिसळून पावसाच्या सुरुवातीला कुंडीत भुरभुरवा, वर माती लोटू नका. कुंडी उंचावर, भर उन्हात ठेवा, म्हणजे फांद्या लोंबायला जागा मिळेल. पहिला पाऊस तिला पुरतो. पावसाने मोठी दडी मारली तर भांड्या-तांदळाचं धुतलेलं पाणी नव्हे, गाळलेलं साधं पाणी वाटीभर शिंपडा. एकदा मूळ धरलं की तिला तुमची आठवणही येत नाही. मावा पडलाच तर पडू द्या, त्यांचंही ते घर आहे.

पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. भिंतीवर तणनाशक मारायचं नाही, या वर्षी नाही आणि पुढेही नाही. भिंतीचा जो भाग खरंच ढिला आहे तेवढाच चुन्याने दुरुस्त करायचा, आणि तोही पिवळीचं बी गळून गेल्यावर, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी. आणि ४० कुंड्यांची वर्गणी त्या गवंड्याच्या मजुरीत घालायची. चार पैसे उरले तर उन्हाळ्यात दारावर पाणपोई लावू. त्या ४,००० लिटरपैकी थोडं माणसांच्या घशात जाऊ द्या.

माझ्या बाजूने किती हात वर होतील माहीत नाही. एक झाला तरी मी मांडणार. तुमच्या गावात, तुमच्या मंदिरात, तुमच्या सासरी दिवाळीची साफसफाई सुरू झालीच असेल. जाळी-जळमटं काढा, फरशा पुसा, डबे घासा. उलथणं घेऊन भिंतीकडे वळाल तेव्हा मात्र हात उचलण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे कशासाठी? उत्तर आलं तर करा. नाही आलं, तर उलथणं खाली ठेवा आणि दोन मिनिटं त्या इवल्याशा पिवळ्या फुलाकडे बघत उभ्या राहा. त्या दोन मिनिटांत आपल्या हातून कुणीच मरत नाही.

जय जिनेंद्र.